सल्फोनामाइडे : रंगद्रव्यापासून विकररोधकापर्यंत

'सल्फोनामाइड' हा शब्द सामान्य माणसाच्या नित्य परिचयातला नाही. 'सल्फाची गोळी' मात्र मागील दोन-तीन पिढ्यांतील घरोघरच्या माणसांना ठाऊक होती. न्यूमोनिया, सूतिकाज्वर, हगवण, जखमेत होणारा पू, मूत्रमार्गाची जळजळ अशा नाना विकारांवर ती दिली जात असे. पेनिसिलिन आणि त्यामागून आलेली प्रतिजैविके सर्वत्र मिळू लागल्यावर या गोळीचे महत्त्व ओसरले, आणि एक कालबाह्य औषध अशी तिची समजूत रूढ झाली. ही समजूत खरी नाही.

बंगळूरच्या पूर्वेस महादेवपुरा हा भाग आहे. एके काळी शेते आणि तळी असलेल्या या भागात आज संगणक-व्यवसायाच्या टोलेजंग इमारती उभ्या आहेत. तेथील एखाद्या औषधाच्या दुकानात पाठोपाठ आलेली चार गिऱ्हाइके पाहावीत. एकाला मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गासाठी को-ट्रायमोक्साझोल हवे असते, दुसऱ्याला काचबिंदूसाठी अ‍ॅसिटाझोलामाइड, तिसऱ्याला रक्तदाबासाठी हायड्रोक्लोरोथायाझाइड आणि चौथ्याला सांधेदुखीसाठी सेलेकॉक्सिब. रोग निराळे, औषधे निराळी, ती घेणारी माणसेही निराळी. तथापि या चारही औषधांच्या रेणूंत एक लहानसा अणुसमूह समान आहे. एक गंधक, त्याला जोडलेले दोन ऑक्सिजन आणि शेजारी एक नायट्रोजन, एवढाच हा समूह. त्यालाच सल्फोनामाइड गट म्हणतात. या गटाने वैद्यकात एवढे स्थान कसे मिळविले, तो विकरांचे कार्य कसे रोखतो, आणि मुंबईतील परळच्या एका प्रयोगशाळेत प्लेगसारख्या रोगाशी त्याची गाठ कशी पडली, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

विकर आणि त्याचा रोधक

सजीवाच्या पेशीत क्षणोक्षणी असंख्य रासायनिक क्रिया चालू असतात. प्रयोगशाळेत ज्या क्रियांना प्रखर उष्णता किंवा तीव्र अम्ल लागते, त्या पेशीमध्ये शरीराच्या बेताच्या उष्णतेत पार पडतात. हे शक्य होते ते विकरांमुळे. विकर हे बहुधा प्रथिन असते. त्याच्या पृष्ठभागावर एक खाच असते. ठरावीक आकाराचा आणि ठरावीक विद्युत्भार असलेला पदार्थच तीत नीट बसतो. तो बसला की त्याच्यावर रासायनिक क्रिया घडते, तयार झालेला पदार्थ बाहेर पडतो आणि खाच पुन्हा मोकळी होते. एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८९४ मध्ये या संबंधाला कुलूप व किल्ली यांची उपमा दिली होती.

आता मूळ पदार्थासारखाच दिसणारा, पण त्याचे काम न करणारा दुसरा पदार्थ पेशीत आला तर काय होईल? तो त्या खाचेत शिरून बसेल, मूळ पदार्थाला जागा मिळणार नाही आणि त्या विकराचे काम मंदावेल किंवा थांबेल. अशा पदार्थाला विकररोधक म्हणतात. जागेसाठी दोघांची चढाओढ असल्यामुळे मूळ पदार्थ पुष्कळ प्रमाणात मिळाल्यास रोधकाचा प्रभाव पुसलाही जातो. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे, कारण सल्फा औषधांचे रहस्य तिच्याच आधारे उलगडले.

रंगाच्या कारखान्यातून

या औषधांचा जन्म कापड रंगविण्याच्या रसायनांच्या उद्योगात झाला. जर्मनीतील एल्बरफेल्ड येथे बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत गेरहार्ट डोमाक हे वैद्य आणि फ्रिट्झ मीच व योझेफ क्लारर हे दोन रसायनशास्त्रज्ञ एकत्र काम करीत होते. काही रंगद्रव्ये लोकरीच्या प्रथिनाला घट्ट चिकटतात. त्या अर्थी ती जंतूंच्या प्रथिनांनाही चिकटून त्यांना मारतील, अशी त्यामागची कल्पना होती. १९३२ मध्ये सल्फोनामाइड गट असलेले एक लाल रंगद्रव्य तयार झाले. प्राणघातक स्ट्रेप्टोकोकस जंतू टोचलेले उंदीर या द्रव्याने वाचले. त्याला प्रॉन्टोसिल हे नाव मिळाले आणि १९३५ च्या फेब्रुवारीत डोमाक यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले.

मात्र एक कोडे शिल्लक होते. परीक्षानलिकेतील जंतूंवर प्रॉन्टोसिलचा परिणाम होत नसे, आणि प्राण्याच्या शरीरात गेल्यावरच ते गुणकारी ठरे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत अर्नेस्त फूर्नो यांच्या विभागातील त्रेफुएल दांपत्य, नित्ती आणि बोवे यांनी त्याच वर्षी हे कोडे सोडविले. शरीरात प्रॉन्टोसिलचे दोन तुकडे होतात, आणि त्यांपैकी सल्फानिलामाइड हा रंगहीन तुकडाच जंतूंवर काम करतो, असे त्यांनी दाखवून दिले. म्हणजे ज्या रंगामुळे हा शोध लागला, त्या रंगाचा गुणाशी काहीही संबंध नव्हता. शिवाय सल्फानिलामाइड हे काही नवे संयुग नव्हते. पॉल गेल्मो याने व्हिएन्ना येथे आपल्या प्रबंधासाठी १९०८ मध्येच ते तयार केले होते, त्यामुळे ते कोणालाही बनविता येण्याजोगे होते. जगभरच्या प्रयोगशाळांना या क्षेत्राचे दार मोकळे झाले ते यामुळेच.

डोमाक यांना १९३९ चे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. परंतु नाझी राजवटीने त्यांना ते नाकारावयास भाग पाडले. पदक त्यांच्या हाती पडावयास १९४७ साल उजाडले.

संयुगाची घडण

सल्फानिलामाइडाची कृती रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आजही शिकविली जाते, आणि तिच्यातील प्रत्येक पायरीला कारण आहे. आरंभ अ‍ॅनिलीनपासून होतो. बेंझिनाच्या षट्कोनी वलयाला एक अमिनो गट जोडलेला असावा, असे हे संयुग आहे. त्याच्या नेमक्या समोरच्या कोपऱ्यावर गंधकाचा गट बसवावयाचा असतो. त्यासाठी क्लोरोसल्फॉनिक अम्ल हे अत्यंत दाहक, हवेत धुरावणारे द्रव्य वापरावे लागते. अमिनो गट उघडा ठेवला तर तोच त्या क्रियेत सापडेल आणि नको ते पदार्थ तयार होतील. म्हणून प्रथम अ‍ॅसिटिक अनहायड्राइड वापरून त्या गटावर अ‍ॅसिटिल गटाचे आच्छादन घालतात. मग क्लोरोसल्फॉनिक अम्लाची क्रिया करून मिश्रण बर्फावर ओततात. पांढऱ्या घन रूपात सल्फोनिल क्लोराइड मिळते. त्यावर अमोनियाची क्रिया केली की क्लोरिनाच्या जागी नायट्रोजन येतो आणि सल्फोनामाइड गट पुरा होतो. अखेरीस सौम्य अम्लात उकळून अमिनो गटावरचे आच्छादन काढून टाकतात.

या कृतीचा खरा लाभ तिच्या लवचिकपणात आहे. अमोनियाऐवजी दुसरे एखादे अमाइन वापरले की निराळे औषध तयार होते. पिरिडिन वलयाचे अमाइन घेतले की सल्फापिरिडिन. १९३८ मध्ये इंग्लंडातील मे अँड बेकर कंपनीने ते प्रचारात आणले आणि न्यूमोनियाचे मृत्यू त्याने पुष्कळ घटले. थायाझोल वलयाचे अमाइन घेतले की सल्फाथायाझोल, पिरिमिडिन वलयाचे घेतले की सल्फाडायाझिन. १९४५ पर्यंत अशी पाच हजारांहून अधिक संयुगे तयार झाली. त्यांपैकी वैद्यकात टिकली ती मोजकीच.

वलय बदलल्याने एवढा फरक का पडावा? सल्फोनामाइडातील नायट्रोजनावरचा हायड्रोजन कितपत सहज सुटतो, हे शेजारच्या वलयावर अवलंबून असते. सल्फानिलामाइडात तो सहजासहजी सुटत नाही; सल्फाथायाझोल व सल्फाडायाझिन यांत शरीरातील रक्ताइतक्या जेमतेम अल्कधर्मी द्रवातही तो पुष्कळ अंशी सुटतो. त्यामुळे रेणूवर ऋण विद्युत्भार येतो आणि औषधाचा प्रभाव वाढतो. मूत्र अम्लधर्मी असले की हाच भार नाहीसा होतो, औषधाची विद्राव्यता घटते आणि मूत्रपिंडात त्याचे स्फटिक साचण्याचा धोका उद्भवतो. सल्फाच्या गोळीबरोबर भरपूर पाणी आणि खाण्याचा सोडा घ्यावयास सांगण्याची जुन्या डॉक्टरांची जी पद्धत होती, तिच्यामागे हे कारण होते.

परळची प्रयोगशाळा

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे पहिले रोगी ओळखले. तेव्हापासूनच्या चार दशकांत या रोगाने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक बळी घेतले. महाराष्ट्राच्या स्मृतीत तो अनेक प्रकारे कोरला गेला आहे. १८९७ च्या मार्च महिन्यात पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना त्याच रोगाने मृत्यू आला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये प्लेग-बंदोबस्तातील जुलमाच्या संतापातून चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. १८९८ च्या ऑगस्टमध्ये हा रोग बंगळूरला पोहोचला. त्या शहरातील मल्लेश्वरम् व बसवनगुडी या वसाहती प्लेगनंतर मोकळी हवा आणि रुंद रस्ते मिळावेत या हेतूने वसविल्या गेल्या, आणि शहरात ठिकठिकाणी प्लेगच्या देवीची मंदिरे उभी राहिली.

वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईस येऊन लस तयार केली आणि १८९७ च्या १० जानेवारीस ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळ येथील जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये हलविण्यात आली आणि १९२५ मध्ये तिला हाफकिन संस्था हे नाव देण्यात आले. लस ही रोग होण्यापूर्वी उपयोगी पडते. ज्याला गाठ आली आहे आणि ताप चढला आहे, त्याला देण्याजोगे खात्रीचे औषध नव्हते. घोड्याच्या रक्तापासून बनविलेला रक्तरस दिला जाई, पण त्याचा गुण बेताचा होता. उपचार न झाल्यास ग्रंथिक सन्निपाताच्या निम्म्याहून अधिक रोग्यांना मृत्यू येत असे.

साहिब सिंग सोखे हे १९३२ मध्ये या संस्थेचे संचालक झाले. हे पद मिळविणारे ते पहिले भारतीय होत. सल्फानिलामाइडाची वार्ता आल्यावर तयार औषध परदेशातून येण्याची वाट पाहत न बसता ती संयुगे येथेच बनवून प्लेगवर पारखावीत, असे त्यांनी ठरविले. के. गणपती या रसायनशास्त्रज्ञाने परळमध्ये सल्फानिलामाइडाच्या अनेक नव्या संयुगांचे संश्लेषण केले. त्याविषयीचे त्यांचे निबंध १९४० नंतरच्या काळात भारतीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तांतात छापले गेले. सी. व्ही. रामन यांनी १९३४ मध्ये स्थापलेली ही अकादमी बंगळूरची. मुंबईत भट्टीवर तयार होणाऱ्या संयुगांची नोंद अशा रीतीने बंगळूरच्या पानांवर होत होती.

प्लेगचे जंतू टोचलेल्या उंदरांवर ही संयुगे पारखण्याचे काम सोखे आणि भालचंद्र बाबाजी दीक्षित यांनी केले. औषधगुणविज्ञानाचे अभ्यासक असलेले दीक्षित पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले. उंदरांवरील प्रयोगांत सल्फाथायाझोल सर्वांत सरस ठरले. १९४० मध्ये 'लॅन्सेट' या ब्रिटिश नियतकालिकात हे निष्कर्ष आले. प्लेगच्या रोग्यांवरील उपचारांचा वृत्तांत वागळे, सोखे, दीक्षित आणि गणपती यांच्या नावांनी १९४१ मध्ये 'इंडियन मेडिकल गॅझेट'मध्ये प्रसिद्ध झाला. रोग्यांचे गट करून निरनिराळ्या उपचारांची तुलना करण्यात आली आणि सल्फाथायाझोल दिलेल्या रोग्यांत मृत्यूचे प्रमाण स्पष्टपणे घटले.

येथे अतिशयोक्ती टाळली पाहिजे. प्लेगवर सल्फा औषधे वापरून पाहणारे इतर देशांतही होते, आणि हे औषध सर्व प्रकारच्या प्लेगवर सारखे चालत नव्हते. जंतू फुप्फुसात शिरले की त्याचा उपयोग फारसा होत नसे. १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस स्ट्रेप्टोमायसीन आले आणि ते निःसंशय अधिक प्रभावी ठरले. तरीही मधल्या वर्षांत ग्रंथिक सन्निपाताच्या रोग्याला देण्याजोगी एक गोळी वैद्याच्या हाती आली होती, आणि तिचा कस देशातल्या देशात लागला होता. संयुग बनविणारा रसायनशास्त्रज्ञ, ते प्राण्यावर पारखणारा औषधगुणवैज्ञानिक आणि ते रोग्याला देणारा वैद्य ही तिन्ही माणसे एकाच कामात गुंतलेली होती. औषधे देशात तयार झाली पाहिजेत, ती सर्वांना परवडली पाहिजेत, हा सोखे यांचा आग्रह याच अनुभवातून दृढ झाला असावा. राष्ट्रीय नियोजन समितीच्या आरोग्यविषयक उपसमितीचे ते अध्यक्ष होते, आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेत साहाय्यक महासंचालक झाले.

चढाओढीचे रहस्य

सल्फानिलामाइड जंतूंना कसे रोखते, याचे उत्तर १९४० मध्ये लंडन येथे डोनाल्ड वुड्स आणि पॉल फाइल्ड्स यांना गवसले. यीस्टच्या अर्कात या औषधाचा प्रभाव नाहीसा करणारे काहीतरी आहे, असे वुड्स यांना दिसून आले. ते पॅरा-अमिनोबेंझोइक अम्ल असावे, असा त्यांनी निष्कर्ष काढला. या अम्लाचा रेणू आणि सल्फानिलामाइडाचा रेणू शेजारी ठेवून पाहिले तर दोघांची लांबी-रुंदी जवळजवळ सारखी भरते. दोघांतही वलयाच्या एका टोकाला अमिनो गट आणि समोरच्या टोकाला अम्लधर्मी गट असतो. जंतू हे अम्ल वापरून फोलिक अम्ल तयार करतात, आणि फोलिक अम्लावाचून त्यांना आपल्या जननद्रव्याचे घटक घडविता येत नाहीत. ज्या विकराच्या खाचेत हे अम्ल बसावयाचे, तेथे सल्फानिलामाइड जाऊन बसते. या विकराला डायहायड्रोटेरोएट सिंथेज असे नाव आहे. जंतू लागलीच मरत नाही. त्याची वाढ थांबते आणि उरलेले काम शरीराच्या पांढऱ्या पेशी करतात.

यावरून वैद्यांच्या अनुभवातील काही गोष्टींचा उलगडा झाला. पुवाने भरलेल्या जखमेत सल्फा औषध का चालत नाही? कारण मृत पेशींतून बाहेर पडणारे ते अम्ल आणि तत्सम द्रव्ये तेथे मुबलक असतात, आणि चढाओढीत औषध हरते. म्हणून आधी पू काढून टाकावा, मग औषध द्यावे, हा नियम ठरला.

मग हे औषध माणसाच्या पेशींना का रोखत नाही? माणसाच्या पेशीत ते विकरच नसते. माणूस फोलिक अम्ल घडवीत नाही. पालेभाज्या, डाळी, यकृत अशा अन्नातून ते त्याला आयते मिळते. फोलिक अम्लाची कथाही परळच्या त्याच वास्तूत सुरू झाली, हा एक विलक्षण योगायोग आहे. लूसी विल्स ही इंग्रज स्त्री-वैद्य १९२८ मध्ये मुंबईस आली आणि हाफकिन संस्थेत राहून गरोदर स्त्रियांना, विशेषतः गिरणीत काम करणाऱ्या गरीब स्त्रियांना, होणाऱ्या तीव्र पांडुरोगाचा तिने अभ्यास केला. रोगाचे मूळ जंतूत नसून निकृष्ट आहारात आहे, असे तिच्या ध्यानात आले. यीस्टपासून बनविलेल्या मार्माइट या स्वस्त अर्काने या स्त्रिया बऱ्या होतात, हे तिने १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील अज्ञात घटकाला पुष्कळ वर्षे 'विल्स घटक' म्हणत. तेच फोलिक अम्ल होय. १९४५ मध्ये अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत त्याचे संश्लेषण झाले, आणि त्या संशोधनाचे नेतृत्व येल्लाप्रगडा सुब्बाराव या आंध्रातून गेलेल्या शास्त्रज्ञाकडे होते. ज्या द्रव्यावाचून गिरणीतली स्त्री फिकी पडत होती, तेच द्रव्य घडविण्यात अडथळा आणून प्लेगच्या जंतूला रोखता येत होते.

एका विकराचा मार्ग अडविल्यावर त्याच साखळीतील पुढचा विकरही अडविला तर? अमेरिकेत जॉर्ज हिचिंग्ज व गर्ट्रूड एलियन यांच्या संशोधनातून ट्रायमेथोप्रिम हे पुढच्या विकराला रोखणारे औषध निघाले. पाच भाग सल्फामेथॉक्साझोल आणि एक भाग ट्रायमेथोप्रिम यांचे मिश्रण म्हणजे को-ट्रायमोक्साझोल. १९६८ पासून ते प्रचारात आहे.

वर्ध्याचा अनुभव

सल्फोनामाइडाचा एक जवळचा नातलग महाराष्ट्राला विशेष परिचयाचा आहे. डॅप्सोन हे सल्फोन गटाचे संयुग. तेही १९०८ मध्येच तयार झाले होते आणि तेही जंतूच्या त्याच विकराला रोखते. महारोग्याला गावाबाहेर काढण्यापलीकडे समाजाजवळ ज्या काळी काही उपाय नव्हता, त्या काळी अमेरिकेतील कार्व्हिल येथे १९४१ मध्ये सल्फोन औषधांचा गुण दिसून आला. पाठोपाठ चिंगलपेट येथे रॉबर्ट कॉक्रेन यांनी डॅप्सोनचा वापर सुरू केला. ते अतिशय स्वस्त होते आणि गोळीच्या रूपाने घरी घेता येत होते. वर्ध्याच्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानात डॉ. रा. वि. वारदेकर यांनी याच आधारावर पाहणी, लोकशिक्षण आणि उपचार अशी त्रिविध पद्धत बसविली. रोग्याला उचलून दवाखान्यात आणण्यापेक्षा औषध त्याच्या गावी न्यावे, हे तिचे सूत्र होते.

तथापि एकच औषध वर्षानुवर्षे दिल्यावर जंतूंनी आपल्या विकराची खाच किंचित बदलून घेतली. खाच अशी बदलली की मूळ अम्ल तीत बसते, पण डॅप्सोन बसत नाही. त्यामुळे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने डॅप्सोनसह तीन औषधांचा एकत्रित उपचार सुचविला, आणि भारतात तो ज्या जिल्ह्यांत प्रथम हाती घेण्यात आला त्यांत वर्धा होता. राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोग ही सार्वजनिक आरोग्याची समस्या उरली नसल्याचे २००५ च्या अखेरीस जाहीर करण्यात आले. नवे रोगी त्यानंतरही आढळत राहिले आहेत आणि औषधाचे कामही संपलेले नाही.

दुसरे विकर, दुसरे रोग

सल्फानिलामाइड घेणाऱ्या रोग्यांच्या रक्तात अम्लता वाढते, असे १९३७ च्या सुमारास आढळून आले. १९४० मध्ये केंब्रिजच्या मान व केलिन यांनी त्याचे कारण सांगितले. कार्बोनिक अनहायड्रेज या विकराला हे औषध रोखते. कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांपासून बायकार्बोनेट तयार करणे हे या विकराचे काम. त्याचा वेग थक्क करणारा आहे. या विकराचा एक रेणू एका सेकंदात सुमारे दहा लाख वेळा ही क्रिया घडवून आणू शकतो. त्याच्या खाचेच्या तळाशी जस्ताचा एक अणू असतो. सल्फोनामाइड गटातील नायट्रोजन आपला हायड्रोजन सोडून या जस्ताला थेट बांधला जातो आणि काम ठप्प होते. येथे एक भेद लक्षात घ्यावा. जंतूंच्या बाबतीत औषधाचा सबंध रेणू दुसऱ्या रेणूचे सोंग घेतो. येथे मात्र त्याचा गंधक-नायट्रोजनाचा गटच निर्णायक ठरतो, आणि त्यासाठी त्या नायट्रोजनावर दुसरे वलय नसावे लागते.

हे विकर मूत्रपिंडात आहे, डोळ्यातील द्रव स्रवणाऱ्या भागातही आहे. बॉस्टनमध्ये विल्यम श्वार्ट्झ यांनी १९४९ मध्ये हृदयविकाराने सूज आलेल्या रोग्यांना सल्फानिलामाइड देऊन पाहिले; लघवी वाढली आणि सूज उतरली, पण औषधाची मात्रा सोसवेना. पाठोपाठ अमेरिकन सायनामिड कंपनीत रॉब्लिन आणि क्लॅप यांनी अनेक पट प्रभावी असे अ‍ॅसिटाझोलामाइड तयार केले. १९५४ मध्ये काचबिंदूत डोळ्यातील दाब उतरविण्यासाठी त्याचा उपयोग होतो, हे दिसून आले. हिमालयात उंचावर जाणाऱ्यांना विरळ हवेचा त्रास होऊ नये म्हणूनही ते दिले जाते. याच संशोधनाच्या ओघात १९५७ च्या सुमारास मर्क कंपनीत क्लोरोथायाझाइड निघाले. ते मूत्रपिंडात दुसऱ्याच ठिकाणी, मिठाच्या वाहतुकीवर, काम करते असे पुढे कळले; परंतु रक्तदाबाच्या उपचारात त्याने आणि त्याच्या वंशातील औषधांनी क्रांती घडविली. १९९५ मध्ये आलेले डोर्झोलामाइड हे डोळ्यात घालावयाचे थेंब विकराच्या स्फटिकाची त्रिमिती रचना पाहून आखलेल्या आरंभीच्या औषधांपैकी एक आहे. जे काम डोमाक यांच्या पिढीने हजारो द्रव्ये चाचपून केले, ते आता खाचेचा आराखडा समोर ठेवून करता येऊ लागले.

गुणाबरोबर सावधगिरी

१९३७ मध्ये अमेरिकेतील एका कंपनीने सल्फानिलामाइडाचे गोड सरबत बाजारात आणले. औषध विरघळावे म्हणून त्यात डायएथिलीन ग्लायकॉल घातले होते. ते विषारी आहे की नाही, हे कोणी पारखले नाही. शंभराहून अधिक माणसे मृत्यू पावली. त्यांत मुले पुष्कळ होती. औषध विकण्यापूर्वी ते सुरक्षित असल्याचे सिद्ध करावे, असा कायदा तेथे १९३८ मध्ये झाला. दोष सल्फानिलामाइडाचा नव्हता, ते ज्यात विरघळविले त्या द्रवाचा होता. हाच विषारी पदार्थ १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरिनमधून रोग्यांच्या पोटात गेला आणि चौदा जणांचा बळी गेला. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. औषधाच्या बाटलीत औषधाखेरीज जे काही असते, तेही तपासले गेलेच पाहिजे, हा धडा दोनदा शिकावा लागला.

सल्फा औषधांचे स्वतःचेही दोष आहेत. काही रोग्यांना त्यांचे वावडे असते. अंगावर पुरळ उठते आणि क्वचित त्वचा सोलवटून जीव धोक्यात येतो. काहींच्या तांबड्या पेशींत जन्मतः एका विकराची उणीव असते. अशांच्या पेशी या औषधाने फुटतात. आणि सर्वांत मोठी अडचण जंतूंच्या प्रतिकाराची. परम्याचे जंतू १९४० नंतरच्या काही वर्षांतच या औषधाला दाद देईनासे झाले. पुढे असे दिसून आले की, सल्फा औषधाला न जुमानणाऱ्या विकराचा जनुक एका जंतूकडून दुसऱ्या जातीच्या जंतूकडे सहज जातो. अर्ध्यावर सोडलेला उपचार, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेतलेल्या दोन गोळ्या, दुकानदाराने चिठ्ठीवाचून दिलेले औषध, या प्रत्येकात अशा जंतूला पोसण्याची शक्यता असते.

१९९४ मध्ये महाराष्ट्रात बीड जिल्ह्यात आणि पाठोपाठ सुरत शहरात प्लेग पुन्हा दिसला. सुरतेहून लाखो माणसे पळाली, कारण सर्वांच्या मनात जुनाच प्लेग होता. प्रत्यक्षात बळींची संख्या मर्यादित राहिली. शंभर वर्षांपूर्वी मांडवीत जे हाती नव्हते, ते आता हाती होते; गाठ दिसताच देता येण्याजोगे औषध. त्यावेळी वापरलेली मुख्य औषधे पुढच्या पिढीतली होती. परंतु रासायनी चिकित्सेने प्लेग हटविता येतो, हे ज्या काळी कोणी गृहीत धरीत नव्हते त्या काळी ते परळमध्ये उंदरामागून उंदीर पारखून पाहण्यात आले होते. को-ट्रायमोक्साझोल, डॅप्सोन, अ‍ॅसिटाझोलामाइड आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड ही चारही औषधे जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. ती त्या यादीत किती काळ टिकतील, हे ती कशी वापरली जातात यावर अवलंबून राहील.